भागवतचं अर्ध्यावरचं पुस्तक

आखाडा बाळापूरच्या बसस्टँडसमोर ‘सरिता कम्युनिकेशन’ अशी पाटी होती. वर पिवळ्या रंगात एसटीडी-पीसीओ, खाली नंतर चिकटवलेलं निळं इंटरनेट. दुकानाला बायकोचं नाव देणारा बाळापुरात भागवत पहिलाच. त्याच्या आधी लोक देवाचं नाव द्यायचे, नाहीतर बापाचं. पाटी चढली त्या दिवशी समोरच्या ओट्यावरून सोजराबाईनं आवाज दिला होता, “आता समद्या गावानं सरितालाच फोन लावायचा म्हण की रे भागवत!” तेव्हा सरिता पदर तोंडात धरून आत पळाली होती. हे चौऱ्याण्णव सालचं.

दोन हजार पाच उजाडेपर्यंत तिचं लाजणंही गेलं होतं आणि पळणंही. भागवत जाऊन वर्ष होत आलं होतं. ती गल्ल्यावर बसायची, सुटे परत द्यायची, नेटवर बसलेल्यांची वेळ संपली की “चला, उठा” म्हणायची आणि दिवस मावळला की शटर ओढायची. आवाज तोच, चेहरा तोच. चेहरा जागेवर होता एवढंच. आत कुणी राहत नव्हतं.

सोजराबाईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. “रडली का?” हा तिचा रोजचा सवाल. दहाव्याला रडली नाही, तेराव्याला रडली नाही, दिवाळीला तरी रडेल म्हणून बायका मुद्दाम फराळ घेऊन गेल्या, तर सरितानं ताटलीत साखर घालून ताटली परत केली. गळ्यात पडून झालं. भागवतला आवडायची ती शेंगांची चटणी करून नेऊन झाली. शेवटी सोजराबाईनं आपल्या मेलेल्या म्हशीची आठवण काढून तिथंच हंबरडा फोडला, म्हटलं बघून तरी हिला फुटेल. सरितानं उठून तिला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, “चांगली व्हती म्हैस.” बाई पाणी पिऊन गुपचूप घरी आली.

पण बाळापुरात सरिताचं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. तिच्या पाठीमागं एक लोखंडी मांडणी होती आणि तिच्यावर भागवतची पुस्तकं. सगळी इंग्रजी, सगळी जुनी, आणि सगळी एकाच विषयावरची: हॅकर. हॅकर म्हणजे किल्ली नसताना कॉम्प्युटरच्या बंद घरात शिरणारा माणूस. काही जण चोरी करायला शिरतात, आणि बरेचसे आत काय आहे ते बघितल्याशिवाय अन्न गोड लागत नाही म्हणून. भागवतला असल्या माणसांचं भारी वेड. स्वतः त्यानं आयुष्यात कुणाच्या कॉम्प्युटरचं कुलूप काढलं नाही. त्याला स्वतःच्या कपाटाची किल्ली सापडायची नाही.

नांदेडला, हिंगोलीला कॉम्प्युटरचं शिकणारी पोरंपोरी आता ती पुस्तकं न्यायला यायची. गावातली ऐश्वर्या त्यातलीच. सुट्टीत आली की तिचा मुक्काम सरिताच्या दुकानात.

“काकू, हॅकरचं वाचायचं म्हणलं तर सुरुवात कशापासून करू?”

सरितानं मान न वळवता हात मागं नेला आणि लाल पाठीचं पुस्तक काढलं. “हे घे. हे हसायचं हाय.”

“विनोदी हाय का?”

“ते मला काय माहीत? हे वाचून राहिले व्हते तवा ह्यायनी फोनमधी शिट्ट्या वाजवल्या.”

सरिताला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिचं माहेर साखरा गावचं, शिक्षण दहावीपर्यंत, आणि इंग्रजीच्या पेपरात तिनं काय लिहिलं ते तपासणाऱ्यालाच ठाऊक. पुस्तकात काय आहे हे तिला कधी कळलं नाही. पण प्रत्येक पुस्तक वाचताना नवऱ्याचं काय झालं हे तिनं जवळून पाहिलं होतं, आणि तेवढ्यावर ती सांगायची.

लाल पाठीच्या पुस्तकात म्हणे अमेरिकेतली पोरं होती, फोनमध्ये शिट्टी फुंकून फुकटात परदेशी बोलणारी. ते वाचून भागवतनं आपल्याच बूथमध्ये उभं राहून मुंबई लावायचा घाट घातला. मुंबई काही लागली नाही. कळमनुरीच्या बसच्या ड्रायव्हरला मात्र वाटलं, कंडक्टर मागून शिट्टी देतोय. तो गाडी मागं घेत घेत रसवंतीपर्यंत गेला. रसवंतीवाला अजून त्या पुस्तकाचं नाव काढत नाही.

निळं जाड पुस्तक मागितलं की सरिता म्हणायची, “न्या. पण घरातला मिक्सर उचलून ठिवा.” कारण ते वाचताना भागवतनं मिक्सर उघडला होता, मग रेडिओ, मग आईची शिलाई मशीन. काळं पुस्तक देताना म्हणायची, “जेवण झाल्यावर वाचा.” त्यात कुणीतरी पकडला जाऊन तुरुंगात जातो. भागवत ते वाचताना अळणी वरण मुकाट्यानं जेवला होता. आणि एक हिरवं होतं, नुसतं गोड बोलून फोनवर लोकांची गुपितं काढणाऱ्यांचं. “हे वाचलं की माणूस संशयी व्हतो,” ती सांगायची. ते वाचत असताना भागवतच्या आईनं, मंजुळाबाईनं, बहिणीकडून दुकानात फोन केला. हा म्हणतो कसा, “तू माझी आईच हायस कशावरून?” म्हातारीनं पुरावा म्हणून ज्या शिव्या दिल्या त्या बूथबाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू आल्या.

पोरं परत येऊन सांगायची, काकूंनी सांगितलं तसंच निघालं. काळं पुस्तक नेलेला एक जण तर दोन दिवस घरात बोललाच नाही. सरिता मान हलवायची आणि परत आलेलं पुस्तक जागेवर ठेवायची.

ही पुस्तकं बाळापुरात यायची ट्रकनं. रूपसिंग नावाचा ड्रायव्हर वारंगा फाट्यावरून हैदराबादच्या खेपा करायचा. भागवत त्याला चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून द्यायचा, रूपसिंग ती चिठ्ठी तिथल्या कोटी बाजारातल्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणाऱ्यांपुढं धरायचा. नावं भागवत कुठून काढायचा ते रूपसिंगला कोडंच होतं. एकदा चिठ्ठी हरवली, तर त्यानं मुखपृष्ठावर कॉम्प्युटर दिसतो म्हणून एक पुस्तक उचललं. ते तेलुगू निघालं. भागवतनं तेही मांडणीवर ठेवलं. “आकडे तर समजतेत,” म्हणाला.

गावात अर्थातच बोभाटा झाला, भागवत हॅकर झाला. निम्मी गिऱ्हाईकं बूथमध्ये हळू आवाजात बोलायला लागली. निकाल नेटवर दिसायला लागले त्या वर्षी तर मजाच झाली. उकंडराव म्हणून एक वयस्कर शेतकरी, त्यांचा नातू दहावीत इंग्रजीत गेला. ते दुकानात येऊन कानाशी लागले.

“भागवत, जास्त न्हाई. फक्त पासापुरते मार्क टाक.”

“काका, मला न्हाई येत तसलं.”

“कुणाला सांगत न्हाई मी.”

“अहो, खरंच न्हाई येत.”

“मंग एवढी जाड जाड पुस्तकं काहून वाचून राहिलास बाबा?”

भागवत नुसता हसला. कुठलंही पुस्तक संपलं की त्या दिवशी जेवताना त्याची सगळी गोष्ट तो सरिताला सांगायचा. ती पोळ्या लाटत ऐकायची. अर्धं तिला कळायचं नाही. पण त्याचे हात बघायची. गोष्ट रंगात आली की घास हातातच राहायचा.

मागच्या साली बाजाराच्या दिवशी, दुपारी, भागवतनं हातातल्या पुस्तकात एसटीडीच्या बिलाची चिठ्ठी खूण म्हणून घातली, पुस्तक मिटलं, “चहा पिऊन येतो” म्हणाला आणि समोरच्या टपरीवर गेला. टपरीपाशी छातीला हात लावून खाली बसला. जीपमध्ये घालून नांदेडला नेलं. वारंगा फाटा ओलांडेपर्यंत तो बोलत होता म्हणतात. पुढं बोलला नाही.

सरिता जीपमध्ये नव्हती. तिला सांगितलं होतं, पित्त झालंय, दुकान सोडू नको, बाजारचा दिवस आहे. तिनं सोडलं नाही. संध्याकाळपर्यंत ती लोकांचे फोन लावून देत होती. मग तिनं ते राखाडी पुस्तक उचललं आणि गल्ल्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं. बिलाची चिठ्ठी वरून तशीच डोकावत होती.

तर त्या सुट्टीत ऐश्वर्यानं सगळी मांडणी संपवली. तेलुगूसुद्धा चाळून बघितलं. आणि एक दिवस सरितानं ड्रॉवर उघडला तेव्हा ऐश्वर्याला आतलं ते राखाडी पुस्तक दिसलं.

“काकू, हे एक राहिलं की.”

“ते न्हाई.”

“काहून?”

“ते वाचून राहिलेत.”

ऐश्वर्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सरितानं ड्रॉवर लावला आणि नेटवरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “चला, उठा, वेळ झाली.”

पण दुकानाच्या मागच्या खोलीत मंजुळाबाई शेंगा फोडत बसली होती. म्हातारीचे कान म्हणजे भागवतच्या बूथपेक्षा तयार. ती शेंगांचं सूप घेऊनच बाहेर आली.

“कोण वाचून राहिलंय?”

सरितानं ड्रॉवरची किल्ली कमरेला खोचली.

“सरे, काय हाय त्या डावरात?”

दाखवावं लागलं. मंजुळाबाईनं पुस्तक हातात घेतलं नाही, लांबूनच चिठ्ठीकडं बघितलं. चिठ्ठीच्या अलीकडची पानं वाचलेली, पलीकडचा चांगला जाड गठ्ठा राहिलेला. तिनं सूप खाली ठेवलं.

“अर्ध्यात उठला माझा लेक.”

“आत्याबाई, ते नुसतं पुस्तक हाय.”

“माझे सासरे गेले तवा त्यायची पोथी अर्ध्यावर व्हती. सुतक फिटल्याबरोबर भागवतच्या बापानं बसून पुरी केली. अर्ध्या पोथीवरचा माणूस तिथंच घुटमळत राहतो, सरे. वर्ष झालं, तू मला सांगितलं बी न्हाई!”

“ही पोथी न्हाई. हॅकरचं पुस्तक हाय, इंग्रजी.”

“कुणाचं का असंना. वाचणारा अर्ध्यात उठला का न्हाई?”

“उठले.”

“मंग?”

या ‘मंग’चं उत्तर सरिताकडं होतं, पण ते सासूला सांगण्यासारखं नव्हतं. वर्षभर ती रोज शटर उघडल्यावर आधी ड्रॉवरची किल्ली फिरवून चिठ्ठी जागेवर आहे का बघायची. माणूस चहाला गेलाय, पुस्तक तसंच आहे, खूण तशीच आहे, एवढं बघितलं की तिला दिवसाचं काम जमायचं. ती वेडी नव्हती. अस्थी तिच्यासमोर नदीत सोडल्या होत्या. पण राहिलेली पानं राहिलेली असेपर्यंत काहीतरी व्हायचं बाकी होतं. ती वाचून टाकली म्हणजे झालंच की सगळं.

मंजुळाबाई मात्र कामाला लागली. वर्षश्राद्ध पंधरवड्यावर आलेलं. त्या दिवशी राहिलेलं पुस्तक लेकाच्या फोटोपुढं वाचून पुरं करायचं, असं तिनं ठरवलं. ती बूथच्या दाराशी पाट टाकून बसायला लागली. कुणी पुण्याला पोराशी बोलत असलं की बाहेरून काच वाजवायची, “ठेवायच्या आधी विचार त्याला, इंग्रजी वाचाया येतं का म्हणावं, येतो का एक दिवस.” लोकांचे फोन लवकर संपायला लागले. गुरुजींकडं गेली, तर ते म्हणाले, “आजी, इंग्रजी पुस्तकाचा काही विधी नाही.” म्हातारी म्हणाली, “न्हाई तर ठरवा की. तुमीच ठरवता ना समदे?”

सोजराबाईनं ही बातमी दुपारपर्यंत मोंढ्याच्या बाजारात पोचवली. “आता हॅकरची पोथी बसणार हाय बरं का. परसाद काय ठिवतेत बघावं.”

शेवटी म्हातारीनं रत्नपालला गाठलं. रत्नपाल टेलिफोन ऑफिसात कामाला, भागवतचा जिवाचा दोस्त. हॅकरचं पहिलं पुस्तक भागवतच्या हातात यानंच ठेवलं होतं. फोनमधल्या शिट्ट्यांची तक्रार वर गेली तेव्हा “लाइनमधी दोष हाय” असं सांगून निभावून नेणाराही हाच.

“मावशी, मी बौद्ध माणूस,” रत्नपाल म्हणाला. “मी अन् तुमच्या श्राद्धात पोथी वाचू?”

“इंग्रजी कोण्या भटाला येती? तूच सांग.”

“तसं न्हाई, लोक काय म्हणतील.”

“लोकायला काय तकलीफ हाय? आमच्या घरात जेवलास, माझ्या हातच्या शिव्या खाल्ल्यास, आता वाचाया लाजून राहिलास व्हय रे?”

रत्नपाल कबूल झाला. सरिताला कुणी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही. नाही म्हणायला अंगात जोर लागतो. तिच्याकडं होता तेवढा शटर वर ढकलण्यातच संपायचा.

वर्षश्राद्धाचं जेवणखाण आटोपलं आणि दुपारी दुकानातच बैठक झाली. भागवतचा फोटो कॉम्प्युटरवर टेकवलेला, हार मॉनिटरवरून लोंबणारा. मंजुळाबाई खाली चटईवर. रूपसिंग हैदराबादची खेप सोडून आला होता, तो दारात उभा, कारण आत जागा नव्हती. सोजराबाई अर्थातच पहिल्या रांगेत. रत्नपाल पांढरा सदरा घालून खुर्चीवर बसला.

सरिता गल्ल्यामागं बसून होती. किल्ली कमरेला.

“वहिनी,” रत्नपाल हळूच म्हणाला, “तुमी न्हाई म्हणलात तर मी चहा पिऊन निघून जातो. मावशीला मी समजावतो.”

आता नाही म्हणता आलं असतं. तेवढा एक शब्द होता. सरितानं खाली बघितलं. मंजुळाबाई डोळे मिटून बसली होती आणि तिनं हात जोडले होते, फोटोपुढं नाही, पुस्तक जिथून निघणार त्या ड्रॉवरपुढं. सरितानं किल्ली काढली.

रत्नपालनं पुस्तक मांडीवर घेतलं, चिठ्ठीच्या जागी उघडलं, घसा साफ केला. एक पान उलटलं. आणखी एक. मग मागं गेला, चिठ्ठीच्या आधीचं पान बघितलं, परत पुढं आला.

“काय झालं?” मंजुळाबाईनं डोळे उघडले. “वाच की.”

“मावशी, हे वाचून झालेलं हाय.”

“एवढं राहिलंय की!”

“राहिलेलं पुस्तक न्हाई ते. गोष्ट इथं संपली.” त्यानं चिठ्ठीच्या अलीकडच्या पानावर बोट ठेवलं. “ह्याच्या पुढं लेखकानं, ज्याला हॅकर लोकायबद्दल आणखी वाचायचं असंल त्यानं काय काय वाचावं, ते सांगितलंय. अन् मग शब्दायची सूची. इंग्रजी पुस्तकात मागं असंच असतं. भागवत पुस्तक संपलं की हितंच खूण ठिवायचा. पुढचं कोणतं आणायचं ते हितूनच काढायचा.”

“तरीच!” दारातून रूपसिंग बोलला. “मी म्हणायचो, ह्याला बाळापुरात बसून नावं कशी समजतेत.”

सोजराबाईनं सरिताकडं बघितलं. सरिता ड्रॉवरकडं बघत होती. तो रिकामा, उघडाच होता.

“मागं छापलंय ना?” मंजुळाबाई म्हणाली.

“छापलंय, पण मावशी...”

“मंग वाच. राहिलं ते राहिलं. काही सोडू नको.”

आणि रत्नपालनं वाचलं. आधी पुस्तकाचं इंग्रजी नाव, मग लेखक त्याबद्दल काय म्हणतो ते मराठीत. “हे नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं आधी वाचावं. हे अवघड हाय, पण मधीच सोडू नये. हे पोलिसानं लिहिलंय, जपून वाचा. हे हॅकरनं स्वतः लिहिलंय, तवा आणखी जपून वाचा. ह्यातला पहिला भाग चांगला, पुढं लेखक स्वतःचीच तारीफ करतो.”

“वहिनीवानीच सांगून राहिलाय की हा बी,” रूपसिंग म्हणाला.

मंजुळाबाई प्रत्येक नावाला मान तुकवत होती. मधूनच एखादं नाव आलं की रूपसिंग म्हणायचा, “हे मी आणलं. लाल पाठीचं,” किंवा “हे धुंडलं, न्हाई भेटलं.” त्याचीही एक पोथी झाली. शिफारशी संपल्या तेव्हा रत्नपालनं पुस्तक मिटायला घेतलं.

“झालं?”

“सूची राहिली. ती कुणी वाचत न्हाई, मावशी. नुसते शब्द असतेत, कोणत्या पानावर काय हाय ते.”

“आमच्या पोथीत शेवटी फळ सांगितलेलं असतं. ते सोडत न्हाईत.”

बिचारा रत्नपाल सूची वाचायला बसला. नावं, आकडे, नावं, आकडे. बाहेर बसच्या शिट्ट्या, आत हा. सोजराबाईला डुलकी लागली. भागवत असता तर खुर्चीवरून खाली पडला असता हसून. म्हातारीनं मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत हात सोडले नाहीत. मग दोन्ही हात जमिनीला टेकवून उठली, फोटोपुढच्या वाटीतला पेढा रत्नपालच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, “सुटला माझा लेक.” तिच्या चेहऱ्यावर वर्षात पहिल्यांदा भुकेची खूण दिसली. ती आत जाऊन जेवली.

बाकीचे पांगले. रत्नपाल चप्पल घालत होता तेव्हा सरिता बोलली.

“भाऊजी, म्हंजी त्या दिवशी ते चहाला गेले तवा त्यायचं वाचून झालं व्हतं?”

“व्हय वहिनी. समदं.”

“मला सांगितलं न्हाई.”

“काय?”

“जेवताना सांगायचे. संपलं की सांगायचे.” तिनं पुस्तक टेबलावर सरळ केलं, कडेला कड लावून. “हे कसं हाय ते मला माहीतच न्हाई.”

रत्नपालला वाटलं आता बांध फुटेल. तो थांबला. जागी होऊन समोरच्या ओट्यावर गेलेली सोजराबाईही थांबली. काही झालं नाही. सरितानं बिलाची चिठ्ठी काढली, नेहमीच्या सवयीनं त्यावरचा नंबर बघितला, कुणीतरी परभणीला लावलेला, आणि चिठ्ठी टोपलीत टाकली. मग फोन वाजला आणि तिनं उचलला.

“रडली का?” संध्याकाळी शेजारणींनी विचारलं.

“न्हाई बाई,” सोजराबाई म्हणाली, आणि या वेळी तिनं विषय लांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी राखाडी पुस्तक मांडणीवर होतं, काळ्याच्या शेजारी. ड्रॉवरला कुलूप नव्हतं. सरितानं शटर उघडल्यावर सवयीनं ड्रॉवर ओढला, रिकामा बघितला आणि त्यात सुटी नाणी टाकली. दिवस गेला. त्याच्यानंतरचाही गेला. तिच्या चेहऱ्याच्या आत अजून कुणी राहायला आलं नव्हतं.

ऐश्वर्याची सुट्टी संपत आली होती. ती आली, मांडणीसमोर उभी राहिली, राखाडीकडं बघितलं, सरिताकडं बघितलं आणि हात मागं घेतला.

“घे,” सरिता म्हणाली.

“हे कसलं हाय, काकू? हसायचं, का जेवल्यावर वाचायचं?”

आजवर कुठल्याही पुस्तकाला सरिताचा जबाब तयार असायचा.

“माहीत न्हाई. घरी नको नेऊ. हितंच बसून वाच.”

ऐश्वर्याला नवल वाटलं, पण ती बसली, भागवतच्या खुर्चीत, खिडकीकडं तोंड करून. सरितानं आपलं स्टूल जरा सरकवलं, गल्ल्यावरून पोरीचा चेहरा दिसेल असं. गिऱ्हाईकं येत होती, जात होती. सरिता नंबर लावून द्यायची, आणि मधल्या वेळात परत तिकडं बघायची.

आधी काहीच दिसेना. पोरगी सरळ बसून पानं उलटत होती. मग तिची एक भुवई वर गेली. पुढं कुठल्याशा पानावर तिनं ओठ मुडपले, चार पानं मागं गेली, काहीतरी परत वाचलं आणि स्वतःशीच “अगं बाई” म्हणाली. नंतर तिनं चपला काढून पाय खुर्चीवर घेतले.

“वहिनी, नांदेड लावून द्या की,” एक गिऱ्हाईक दुसऱ्यांदा म्हणालं.

“थांबा जरा,” सरिता म्हणाली. ती बघत होती.

टपरीवरून आलेला चहा ऐश्वर्याच्या कोपराशी तसाच होता. तिनं हात लांब केला, कप चाचपडला आणि न उचलताच हात पुस्तकावर परत नेला. सरिता उठली. कपावर बशी झाकली आणि आवाज न करता जागेवर येऊन बसली.